रडकी हंडी

"ताई, हंडी रडतीया."

तात्यांचा फोन आला तेव्हा मृग लागायला आठवडा होता. मी प्रयोगशाळेत भट्टीचं तापमान वहीत उतरवत होते. अर्धवट ऐकलं, त्यामुळे वाटलं घरातलं एखादं पोर रडतंय.

"कोण रडतंय?"

"आवं हंडी! देवळातली. दरसाल रडती, पर यंदा लईच. आन् आतनं चिरा पडल्यात बगा. दिसत्यात, पर हाताला लागत न्हाईत."

शेवटचं वाक्य ऐकून मी पेन खाली ठेवलं. दिसतात पण हाताला लागत नाहीत. काचेच्या या आजाराची वर्णनं मी किती वाचली असतील, पण इतकं नेमकं कुणी केलेलं आठवत नव्हतं.

तात्या म्हणजे माझ्या आजोळच्या भैरोबाचे गुरव. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. नाव सांगत नाही, कारण देवळाचं कुलूप साधं आहे आणि हंड्या जुन्या आहेत. माझ्याबद्दल गावाला माहिती एवढीच, की पोरगी काचेचं कायतरी शिकलीय. ते खूळही तिथलंच. आईचे वडील ओगलेवाडीला कामाला होते. कराडजवळ १९१६ साली ओगले बंधूंनी काढलेला काचेचा कारखाना, ज्याचा 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत होता, तो. आजोबा फुंकणारे नव्हते. फुंकून झालेला माल हळूहळू गार करायच्या भट्टीवर होते. कंदिलाच्या काचेच्या चिमण्या घाईनं बाहेर काढल्या तर रात्री आपोआप तडकतात आणि सकाळी मुकादम शिव्या देतो, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले.

शनिवारी सकाळी देवळात पोचले. सभामंडप लाकडी खांबांचा, वर पत्रा. तुळईला पितळी साखळ्यांनी दिव्याच्या चार काचेच्या हंड्या टांगलेल्या. दोन लाल, एक हिरवी, एक बिनरंगी, तिच्यावर नक्षी कापलेली. पाचवी, बिनरंगीचीच जोडीदार, मागच्या श्रावणात साखळीतून सुटून पडली होती आणि तिचे तुकडे कोठारात प्लायवुडच्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. तात्यांच्या घरात जपून ठेवायची वस्तू म्हणजे कपाटात. त्यात त्यांची चूक काही नाही. पण त्या कपाटाकडे पुन्हा यायचं आहे.

शिडी लावून वर चढले. लाल आणि हिरव्या हंड्या ठणठणीत, धूळ सोडली तर. बिनरंगी हंडीच्या पोटाला मात्र बारीक बारीक थेंब, उन्हाळ्यात माठाला येतात तसे. पण माठ गार असतो म्हणून त्याला पाणी सुटतं. ही हंडी हवेइतकीच कोमट होती. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं, साबण चोळल्यासारखं. विजेरी आडवी धरली आणि काचेच्या आत चांदीच्या तारांचं जाळं चमकलं. तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा भेगा, फक्त केसाहून बारीक. नखानं चाचपलं तर पृष्ठभाग गुळगुळीत.

खाली उतरून पिशवी उघडली आणि लक्षात आलं की सामू (पीएच, म्हणजे आम्ल-खाराचं माप) तपासायच्या पट्ट्या प्रयोगशाळेतच राहिल्या. (आयुष्यात एकदाच अशी केस हाती लागते आणि आपण पट्ट्या विसरतो.) मग देव्हाऱ्यातली हळद घेतली, पाण्यात कालवून चहाच्या गाळणकागदाला लावली, वाळवली आणि तो कागद हंडीच्या थेंबांवर टेकवला. पिवळा कागद जिथे ओला झाला तिथे लालभडक.

तात्या म्हणाले, "म्हंजी कुकू झालं की!"

मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. हळदीला खार लागला की कुंकू होतं, हे त्यांच्या आईनं घरी केलेलं त्यांनी पाहिलेलं. हंडीच्या अंगातून खार बाहेर येतोय, तो हवेतलं पाणी ओढून घेतोय, आणि ते आपल्याला घामासारखं दिसतंय. आक्का, म्हणजे तात्यांच्या पत्नी, दारातूनच म्हणाल्या, "पापडखाराचा डबा उघडा ऱ्हायला की असंच हुतं." अगदी तेच होतं.

काच म्हणजे मुळात वितळवलेली वाळू. पण नुसती वाळू वितळायला सतराशे अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून तिच्यात खार घालतात: सज्जीखार म्हणजे सोडा, नाहीतर जवखार म्हणजे पोटॅश. खारामुळे वाळू लवकर वितळते, पण खार आणि वाळू एवढंच घेतलं तर होणारी काच पाण्यात विरघळते. म्हणून तिसरी वस्तू लागते, चुना. चुना खाराला धरून ठेवतो. आज आपल्या खिडकीला असते त्या काचेत साधारण ७० ते ७४ टक्के वाळू, १३-१४ टक्के सोडा आणि आठ-दहा टक्के चुना असतो. हा चुना चार टक्क्यांच्या खाली गेला की काच दिसायला तशीच सुंदर राहते, पण जन्मतःच आजारी असते. लक्षणं दिसायला कधी दहा वर्षं लागतात, कधी शंभर.

यात गंमत अशी, की चुना काढून टाकणारे लोक अडाणी नव्हते, फार हुशार होते. पंधराव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर अँजेलो बारोव्हिएर याच्या नावाशी जोडली जाणारी 'क्रिस्टालो' काच तयार झाली, स्फटिकासारखी स्वच्छ. त्यासाठी कारागीर झाडपाल्याची राख पाण्यात उकळून, निवळून, गाळून पांढराशुभ्र खार काढत. त्या निवळीत काचेला हिरवट करणारं लोखंड मागे राहायचं, आणि त्याबरोबर चुनाही. काच जितकी शुभ्र तितकी नाजूक. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ साली नव्या काचेचं पेटंट घेतलं आणि थोड्याच काळात गिऱ्हाइकांच्या कपाटात त्याच्या पेल्यांना जाळं धरायला लागलं. त्यानं शिशाचं प्रमाण वाढवून ते आटोक्यात आणलं आणि १६७७ पासून चांगल्या मालावर डोमकावळ्याच्या डोक्याचा शिक्का मारला, कारण 'रेव्हन' म्हणजे डोमकावळा. आमच्या हंडीच्या कारागिरानंही बहुधा शुभ्रतेच्याच मागे लागून चुन्याचा हात आखडता घेतला असावा.

दुपारी सभामंडपाच्या दारांना आणि उघड्या बाजूला घोंगड्या लावून अंधार केला आणि अतिनील विजेरी मारली. गावची पोरं जमली होतीच. शिसं असलेली काच या प्रकाशात निळसर दिसते. काचेचा हिरवटपणा घालवायला मँगनीज घातलेलं असेल तर पोपटी चमकते. आमची बिनरंगी हंडी पोपटी झाली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे शिसं नाही, मँगनीज आहे. पंचांपैकी एकांनी विचारलं, "बेल्जियमचीच हाय न्हवं?" आपल्याकडे जुनी काच म्हटली की ती बेल्जियमची असते. बोहेमियाहून आलेली असो, इंग्लंडहून असो, कागदोपत्री सगळ्यांचं माहेर बेल्जियम. मी म्हटलं, "काचेवरनं गाव सांगता येईलच असं नाही, जात सांगता येईल." त्यांना ते पटलं नाही. चहा मात्र दिला.

मग मी विचारलं, हंड्या साफ कशा करता? इथे माझ्या पोटात गोळा आला. त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी सगळ्या हंड्या उतरवून चुलीतल्या राखेनं घासायच्या, चिंचेच्या पाण्यानं धुवायच्या आणि मग अंगणात उन्हं दाखवायची. वर्षानुवर्षं. कंदिलाची काच राखेनंच पुसायची ही आजोबांच्या घरचीही रीत होती, आणि प्रभाकर कंदिलाची चिमणी ती सहन करायची. पण राख म्हणजे खार. युरोपात बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूनं काचेची कृती लिहून ठेवली आहे ती 'बीच झाडाची राख दोन भाग, वाळू एक भाग' अशीच आहे. ज्या खारानं हंडी आजारी, तोच आपण तिच्या अंगाला चोळत होतो, वर ओरखडे काढत होतो. आणि उन्हं दाखवणं तर त्याहून वाईट.

कारण त्या भेगा पडतात कशा? दमट हवेत पाण्यातला हायड्रोजन काचेत शिरतो आणि पोटॅशियम-सोडियम बाहेर पडतात. शेंगांचं पोतं घ्या, एकेक शेंग काढून तिच्या जागी मोहरीचा दाणा ठेवा. पोतं भरलेलं दिसेल, पण सैल पडेल. काचेचा वरचा थर असा सैल होतो आणि त्यात पाणी मुरून बसतं. ओला आहे तोवर ठीक. तो झपाट्यानं वाळला की आकसतो, खालची निरोगी काच आकसत नाही, आणि वरचा थर तडकतो. म्हणजे हंडी पावसाळ्यात रडते, पण चिरते ती कार्तिकातल्या उन्हात, अंगणात. दुसरीकडे, बाहेर आलेला खार पुसला गेला नाही तर थेंबाचा सामू वाढत जातो. तो नऊच्या वर गेला की खार वाळूच्या जाळ्यालाच खायला लागतो. म्हणून धुवायला तर हवं, पण राखेनं नाही. आणि वाळवायला हवं, पण उन्हात नाही.

हे सगळं आक्कांना सांगितलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला. "म्हंजी बाळंतिणीवानी," म्हणाल्या. संवर्धनशास्त्राच्या वर्गात मी यापेक्षा चांगली व्याख्या ऐकलेली नाही.

फुटलेल्या हंडीचे तुकडे पंचांनी सही घेऊन दिले. शाबूत हंडीचा टवका काढायला कुणी परवानगी दिली नसती आणि मी मागितलीही नसती. आधी हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रानं चारही हंड्या तपासल्या. हे यंत्र बंदुकीसारखं दिसतं, काचेला टेकवून घोडा दाबला की मिनिटाभरात कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगतं. पण सोडियमसारखी हलकी मूलद्रव्यं त्याला उघड्या हवेत दिसत नाहीत, आणि आजारी काचेच्या वरच्या थरातला खार आधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे आकडे फसवतात. खरी तपासणी तुकड्यावरच झाली. तांदळाएवढा कण राळेत बसवला, कडा आरशासारखी घासली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पडद्यावर निरोगी काच राखाडी आणि तिच्या काठानं काळसर पट्टा. तो पट्टा म्हणजे खार निघून गेलेला सैल थर. जाडी केसाच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यातून उभ्या भेगा थेट निरोगी काचेच्या सीमेपर्यंत येऊन थांबलेल्या. माझ्या कामातला हा क्षण मला फार आवडतो, आणि त्याच वेळी वाईटही वाटतं. गेल्या दीडेकशे पावसाळ्यांचा हिशेब तिथे एका काळ्या पट्टीत उभा असतो.

निकाल अपेक्षेप्रमाणेच आला. बिनरंगी काचेत पोटॅश भरपूर, आणि चुना हिरव्या हंडीच्या निम्म्याहूनही कमी. लाल हंडी म्हणजे बिनरंगी काचेवर लाल काचेचा पातळ पापुद्रा (लाल काच जाड असली की काळी दिसते, म्हणून अशीच करतात), आणि तिच्या आतल्या काचेला चुना पुरेसा. म्हणून ती सुखरूप.

पण चुना हा एकच तारणहार आहे असं समजू नका. नेवासे, तेर, पैठण इथल्या उत्खननांत काचेचे मणी मिळाले आहेत. दक्षिण आशियातल्या अशा प्राचीन मण्यांच्या एका मोठ्या गटात चुना अगदी बेताचा असतो, तरी ते दोन-दोन हजार वर्षं मातीत टिकले. कारण आपल्याकडची ओबडधोबड वाळू. तिच्यातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजामुळे काचेत ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) भरपूर येतो, आणि तोही काचेला घट्ट धरतो. अशुद्ध वाळूनं आपल्या मण्यांना वाचवलं आणि शुद्ध खारानं साहेबाच्या हंडीला मारलं. मोरेश्वर दीक्षितांनी भारतीय काचेच्या इतिहासावर १९६९ साली मुंबई विद्यापीठातर्फे जे पुस्तक काढलं, ते पहिल्यांदा वाचताना आपली काच जाड, बुडबुडेवाली, कमअस्सल असं मला वाटलं होतं. हंडीनंतर मत बदललं.

आता कपाट. प्लायवुडच्या कपाटातले तुकडे टांगलेल्या हंडीपेक्षा जास्त रडत होते. हे प्रकरण नवीन नाही. लाकूड आणि प्लायवुडमधून फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते, ती काचेवरच्या खाराशी मिळून फॉर्मेट नावाचे क्षार तयार करते, आणि ते तर आणखी पाणी ओढतात. एडिंबरोच्या संग्रहालयातल्या काचवस्तूंवर असे क्षार सापडले आणि जगभरच्या संग्रहालयांनी आपापल्या सुंदर लाकडी कपाटांकडे संशयानं पाहायला सुरुवात केली. तात्यांनी ते कपाट त्याच दिवशी रिकामं केलं. आता त्यात भजनाचे टाळ आहेत.

पुढचा प्रश्न, देवळातली हवा कशी आहे हे मोजायचं कसं? आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रं मी टांगलीच. पण हवा किती दमट हे कळणं वेगळं आणि ती काचेला किती बाधते हे कळणं वेगळं. जर्मनीत वुर्झबर्गच्या फ्राउनहोफर संस्थेनं चर्चच्या जुन्या रंगीत खिडक्यांसाठी यावर एक देखणी युक्ती काढली आहे. मुद्दाम दुबळी, पटकन नासणारी काच बनवायची, तिचे नाण्याएवढे तुकडे खिडकीशेजारी ठेवायचे आणि काही महिन्यांनी परत आणून तपासायचे. खिडकीला दिसायला पन्नास वर्षं लागतील ते दुखणं त्या तुकड्यावर एका हंगामात उमटतं. काचेत किती पाणी शिरलं ते इन्फ्रारेड किरणांनी मोजता येतं. मी तशीच, पण आमच्या हंडीच्या घडणीची दुबळी काच करायची ठरवली.

आणि इथे मी तोंडावर आपटले. जवखार, वाळू, चुना सगळं मोजून घेतलं, मुशीत भरलं, १४०० अंशांवर वितळवलं, ओतलं, रात्रभर हळूहळू गार केलं. सुरेख काच झाली. कापली, घासली आणि दमट पेटीत ठेवली. आठवडा गेला, दोन गेले, काचेवर साधं धुकं नाही. तिसऱ्या आठवड्यात मला शंका आली आणि घटक तपासले तर पोटॅश ठरवल्यापेक्षा बराच कमी, चुना आपोआप वर गेलेला. कारण? जुलै महिना, खिडकी उघडी, आणि मी जवखाराची बाटली टेबलावर ठेवून निवांत वजन करत बसले होते. तो हवेतलं पाणी पीत होता आणि मी पाण्याचं वजन खार म्हणून मोजत होते. ज्या गुणामुळे हंडी रडते त्याच गुणानं मला फसवलं. आक्कांच्या पापडखाराच्या डब्याचं झाकण मला त्या दिवशी आठवलं. पुढच्या खेपेला जवखार भट्टीत वाळवून, गरम असतानाच बंद डब्यात घालून मोजला. शिवाय वितळताना थोडा पोटॅश उडून जातो तोही धरला. ही काच तीन दिवसांत पेटीत रडायला लागली. इतका आनंद मला चांगली काच झाल्यावरही कधी झालेला नाही.

दुबळ्या काचेचे सहा तुकडे नायलॉनच्या दोऱ्यानं देवळात टांगले. दोन हंडीशेजारी, दोन गाभाऱ्यात, दोन कोठारात बंद डब्यात. वर्षभर मी दर दीड-दोन महिन्यांनी जात राहिले. यंत्राच्या नोंदी पाहून पहिला धक्का बसला तो पावसाळ्याचा नव्हे, उन्हाळ्याचा. आषाढ-श्रावणात आर्द्रता नव्वदीच्या वर चिकटून बसलेली, हे अपेक्षितच होतं. पण फाल्गुन-चैत्रात दुपारी ती तिशीच्या खाली आणि पहाटे परत साठीच्या वर. म्हणजे हंडीचा वरचा थर रोज ओला होत होता आणि रोज वाळत होता.

अशा काचेला हवेत किती दमटपणा चालतो, यावर अमेरिकेतल्या कॉर्निंगच्या काच संग्रहालयात रॉबर्ट ब्रिल यांनी १९७० च्या दशकात मूलभूत काम केलं. तेव्हापासून चाळीस टक्क्यांच्या आसपास हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याहून फार खाली गेलं तर थर वाळून तडकतो. वर गेलं तर खार पाणी प्यायला लागतो. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. जवखाराचं गच्च द्रावण बंद डब्यात ठेवलं तर डब्यातली हवा बरोबर ४३ टक्क्यांवर स्थिरावते. त्याच्या वर हवा असली की खार ओला, खाली असली की कोरडा. मी माझी यंत्रं बरोबर दाखवतात का ते याच द्रावणावर तपासून घेतली होती.

पण चाळीस टक्के ठेवायचे कुठे, कोयनेच्या खोऱ्यात? लंडन-न्यूयॉर्कला संग्रहालयात वातानुकूलित काचपेटी असते. आमच्या सभामंडपाची एक बाजू उघडीच आहे. परिसंवादात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला गंभीरपणे सुचवलं, की हंडी शहरातल्या एखाद्या संस्थेला द्या. काचेच्या दृष्टीनं ते बरोबर असेलही. पण ती हंडी कुणीतरी नवस फेडायला दिलेली आहे, आणि मी तात्यांना तोंड कसं दाखवणार?

शेवटी उपाय सापडला तो आक्कांच्या माजघरात. स्टीलची धान्याची कोठी. स्टीलला वाफ सुटत नाही, गंज नाही, झाकण घट्ट. झाकणाला सिलिकॉनची गोल पट्टी बसवली, आत पॉलिथिलीनच्या फोमचं हंडीच्या पोटाच्या आकाराचं घरटं कापलं, तळाला सिलिका जेलच्या कापडी पिशव्या आणि एक छोटं यंत्र. सिलिका जेल म्हणजे नव्या चपलांच्या खोक्यात पुडी असते ते दाणे. ते नुसते कोरडेठाक टाकायचे नाहीत, नाहीतर हंडी चैत्रात वाळावी तशी कोठीतच वाळेल. आधी चाळीसच्या हवेत मुरवायचे, मग ते डब्यातली हवा तिथेच धरून ठेवतात. मुरवण्याचं काम मी करून देते. आक्कांनी एकदा माझी वाट न पाहता पिशव्या कढईत भाजून टाकल्या. कोठीतला आकडा पंचवीसवर आला आणि मला रातोरात धावत जावं लागलं.

धुण्याचं काम सोपं, पण हात कापत होते. क्षार काढलेलं पाणी, मऊ सुती कापड, एका वेळी तळहाताएवढी जागा, लगेच टिपून घ्यायचं. आतल्या बाजूला काजळी आणि खोबरेलाचा जुना थर होता. तात्यांनी सांगितलं, पूर्वी तळाला पाणी, वर तेल घालून वात लावत. चार तास लागले. शेवटच्या पाण्यात हळदीचा कागद बुडवला, पिवळाच राहिला. तात्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला.

फुटलेली हंडी जोडताना दुसऱ्यांदा आपटले. काच जोडायला पॅरालॉइड बी-७२ नावाची ॲक्रिलिक राळ वापरतात. ॲसिटोनमध्ये विरघळते, नंतर हवं तेव्हा काढता येते, पिवळी पडत नाही. पुस्तकातली पहिली पसंती. फाल्गुनात सतरा तुकडे जोडले, कडा नखाला जाणवत नव्हती, मी स्वतःवरच खूश. कोठारातल्या टेबलावर ठेवून आले. चैत्राच्या मध्यावर फोन: "ताई, हंडी वाकली." बी-७२ मऊ पडायला लागतं ते चाळीस अंशांच्या आसपास. वर पत्रा, बाहेर पस्तीस-अडतीस, आत किती असेल ते तुम्हीच सांगा. कानोल्याच्या कडेसारखी हंडीची कड एका बाजूला खाली उतरली होती. सुदैवानं तुकडा सुटला नव्हता. सगळे सांधे ॲसिटोननं उकलले आणि पुन्हा जोडले, या वेळी त्यात बी-४४ मिसळून, ज्याचं मऊ पडायचं तापमान साठच्या घरात आहे. उकाड्यात ॲसिटोन भर्रकन उडून सांध्यात बुडबुडे होतात म्हणून पहाटे चारला उठून काम केलं. काही बुडबुडे तरीही राहिले. ते अजून दिसतात, आणि मला ते दरवेळी आधी दिसतात.

वर्षभरानं दुबळ्या काचेचे तुकडे तपासले. हंडीशेजारचे दुधासारखे पांढरे झालेले, गाभाऱ्यातलेही (तिथे अभिषेकाचं पाणी), आणि कोठारातल्या बंद डब्यातले जवळजवळ जसेच्या तसे. पंचांपुढे तीन तुकडे ओळीनं ठेवले. आकडे, आलेख काही दाखवले नाहीत. ठरलं असं: बिनरंगी हंडी वळवाच्या आधी उतरवायची, चातुर्मास कोठीत, आणि त्रिपुरी पौर्णिमेला तीन दिवस टांगायची. आत तेलाऐवजी छोटा एलईडी दिवा. त्या दिव्यावरून अर्धा तास भांडण झालं, ते इथे लिहीत नाही. लाल-हिरव्या हंड्या कायम टांगलेल्या, फक्त राख बंद.

सगळे उठले तरी तात्या बसून होते.

"ताई, पर मग आमाला पावसाचं कळायचं कसं?"

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. हंडी रडली की आठ-दहा दिवसांत पाऊस, हे त्यांच्या वडिलांपासूनचं. हंडी रडायला लागली की भाताची राब-भाजणी उरकून घ्यायची, गवऱ्या झाकायच्या, कौलं फिरवायची. मी वर्षभर प्रयोगशाळेत जे यंत्र बनवायची खटपट करत होते, ते गावाकडे दीडशे वर्षं टांगलेलं होतं आणि त्याची नोंद घेणारा माणूसही होता. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

पिशवीत न वापरलेल्या दुबळ्या काचेचे चार तुकडे होते. एकाला दोरा ओवला आणि हंडीच्या रिकाम्या कडीला बांधला.

यंदा वैशाखाच्या शेवटी फोन आला. "ताई, तुमची काच रडाय लागली."

"हंडी उतरवली का?"

"कवाच. आक्कानं कोठीत निजवली. आता कौलांवर चढलोय, मागनं बोलतो."